धूम्रपान आणि मुखातील बुरशीसंसर्ग

विडी-सिगारेट ओढणारा रुग्ण मुखपाकाची तक्रार घेऊन आला असता त्यास गुळण्यांचा काढा देऊन परत पाठविणे सोपे असते. तेवढ्याने वैद्याचे कर्तव्य संपत नाही, असे आमचे मत आहे.

कॅन्डिडा अल्बिकन्स ही बुरशी अनेक निरोगी माणसांच्या मुखातही असते. लाळेतील संरक्षक द्रव्ये व इतर सूक्ष्मजीव तिला मर्यादेत ठेवतात. धुराची उष्णता आणि त्यातील रसायने श्लेष्मल त्वचेस सतत क्षोभ देतात. तिचा वरचा थर जाड होतो, स्थानिक प्रतिकारशक्ती क्षीण होते आणि बुरशीला आश्रय मिळतो. मधुमेह, दम्यासाठी ओढावयाची स्टिरॉइड औषधे, दीर्घकाळ घेतलेली प्रतिजैविके किंवा रात्रीही न काढलेली कवळी यांची जोड मिळाल्यास संसर्ग बळावतो.

परीक्षणात तीन रूपे ध्यानात ठेवावीत. पहिले, दह्याच्या कवडीसारखा पांढरा थर. तो पुसला असता निघतो व खाली लाल त्वचा दिसते. दुसरे, जिभेच्या मध्यभागी मागील बाजूस दिसणारा गुळगुळीत लाल डाग. तिसरे, ओठांच्या कोनाच्या आतील बाजूस असणारा, पुसूनही न निघणारा पांढरा चट्टा. हा मुख्यतः धूम्रपान करणाऱ्यांत आढळतो आणि काही रुग्णांत त्याचे कर्करोगात रूपांतर होऊ शकते. म्हणून दोन आठवड्यांत न हटणारा चट्टा किंवा व्रण दंतवैद्याकडे वा मुखरोगतज्ज्ञाकडे पाठवावा. तेथे ऊतीचा तुकडा तपासूनच निर्णय होतो.

सुश्रुतांनी 65 मुखरोग वर्णिले आहेत. तंबाखू मात्र पोर्तुगीजांबरोबर फार पुढे भारतात आली; त्यामुळे हा हेतू संहितांत शोधून सापडणार नाही. ‘धूमपान तर शास्त्रोक्तच आहे’ असे म्हणणाऱ्या रुग्णास, संहितांतील औषधी धूमवर्ती म्हणजे विडी नव्हे, हे स्पष्ट सांगावे. निदानपरिवर्जन हीच येथे पहिली चिकित्सा होय. त्रिफळा क्वाथाचे कवल, गंडूष व खदिरादि वटी ही साहाय्यक आहेत. धूम्रपान चालू राहिल्यास बुरशीनाशक औषधाने बरा झालेला संसर्गही पुनः उद्भवू शकतो. मधुमेही रुग्णास मध वा साखरयुक्त कल्प देताना विशेष सावध राहावे.

औषधालयचालकांची जबाबदारीही लहान नाही. तोंडाला लावण्याचे मलम वारंवार नेणाऱ्या ग्राहकास तंबाखूविषयी विचारावे व तपासणीस पाठवावे. रक्त गोठू न देणारे वॉरफेरिन घेणाऱ्यास मायकोनॅझोलचे जेल देऊ नये. त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. स्टिरॉइडचा फवारा नेणाऱ्यास प्रत्येक वेळी चूळ भरून थुंकण्याची आठवण द्यावी.

व्यसनमुक्तीसाठी 2016 पासून 1800-11-2356 ही राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनी सेवा उपलब्ध आहे. हा क्रमांक चिकित्सालयाच्या भिंतीवर व दुकानाच्या गल्ल्यापाशी ठळकपणे लावावा, अशी आमची सर्व वैद्यबंधुभगिनींस विनंती आहे.