पुलाला छप्पर कशासाठी?

अमेरिकेच्या ईशान्य भागात व्हरमाँट नावाचे छोटे, डोंगराळ राज्य आहे. तिथे शंभरच्या आसपास जुने लाकडी पूल आजही उभे आहेत. त्यांच्यावर घरासारखे उतरते छप्पर आणि दोन्ही बाजूंना फळ्यांच्या भिंती असतात. असे चित्र वर्गात दाखवले की मुले हमखास म्हणतात, "सर, माणसं भिजू नयेत म्हणून असेल!" कुणी म्हणतो, रस्त्यावर बर्फ पडू नये म्हणून.

गंमत अशी की पूर्वी तिथे हिवाळ्यात घसरगाड्या चालत. त्या कोरड्या फळ्यांवरून सरकत नसत, म्हणून माणसे लावून पुलाच्या आत मुद्दाम बर्फ पसरावा लागे!

मग छप्पर कुणासाठी? खुद्द पुलासाठी. पुलाचा सगळा भार दोन बाजूंच्या लाकडी सांगाड्यांवर असतो. ते उघड्यावर राहिले तर सांध्यांत पाणी मुरते, लाकूड कुजते आणि दहा-वीस वर्षांत पूल निकामी होतो. तेच लाकूड कोरडे ठेवले तर शंभर वर्षांच्या पुढे जाते. छपराच्या आणि भिंतींच्या फळ्या खराब झाल्या तर बदलता येतात. सांगाडा बदलणे म्हणजे जवळपास नवा पूल बांधणे.

1820 मध्ये इथिएल टाउन यांनी आडव्या-तिरप्या फळ्यांच्या जाळीसारख्या सांगाड्याचे पेटंट घेतले. फळ्या लाकडी खुंट्यांनी जोडायच्या, त्यामुळे गावचे सुतारही असा पूल उभारू शकत. कॉर्निश आणि विंडसर या गावांना जोडणारा 1866 चा पूल जाळीच्याच पद्धतीचा आहे. लांबी सुमारे 450 फूट, खर्च 9,000 डॉलर. 1943 पर्यंत तिथे टोल होता. घोडे चालवतच न्या, नाहीतर दोन डॉलर दंड, अशी पाटी त्याच्या तोंडाशी आहे.

छप्पर पावसापासून वाचवते, पुरापासून नाही. 1927 च्या महापुरात व्हरमाँटमधले लहानमोठे बाराशेहून अधिक पूल गेले. ऑगस्ट 2011 मध्ये आयरीन वादळाच्या पुराने बार्टन्सव्हिलचा 1870 चा पूल वाहून नेला. तिथे सिमेंटचा पूल सहज बांधता आला असता. पण पुन्हा जाळीचा, छपराचा लाकडी पूलच बांधला गेला आणि जानेवारी 2013 मध्ये तो खुला झाला. आता नवा त्रास उंच ट्रकांचा आहे. पाटी न वाचता ते आत घुसतात आणि छप्पर फोडतात.

आज जे पूल उभे आहेत, त्यांची कुणीतरी वेळोवेळी मरम्मत केली आहे. एक फळी निखळली तेव्हाच ती बदलली. कोणत्याही जुन्या इमारतीची हिफाजत करायची असेल, तर आधी तिचे छप्पर तपासावे. गळती लहान असते तेव्हा खर्चही लहानच असतो.