नकाराचे भाषांतर : एम्युलेटर आणि सिस्टिम कॉल

एका संगणकासाठी रचलेला प्रोग्राम दुसऱ्या प्रकारच्या संगणकावर चालविणारे साधन म्हणजे एम्युलेटर. फाइल उघडणे, लिहिणे इत्यादी कामे प्रोग्राम स्वतः करीत नाही. तो ती ऑपरेटिंग सिस्टिमकडे मागतो. या मागणीस सिस्टिम कॉल म्हणतात. मागणी मान्य झाली तर एम्युलेटरचे काम सोपे असते. त्याची कसोटी लागते ती नकार मिळाल्यावर.

पुण्यातील सी-डॅक (स्थापना १९८८) या संस्थेच्या जिस्ट तंत्रज्ञानामुळे डॉसवर देवनागरी लेखन शक्य झाले. त्या काळातील डॉसचे प्रोग्राम आज लिनक्सवर चालवून जुना मजकूर वाचावयाचा, तर दोन व्यवस्थांमधील नकाराच्या रीती जाणून घ्याव्या लागतात. लिनक्सचा कर्नल नकार ऋण संख्येने कळवितो. डॉसमध्ये कॅरी नावाची खूण १ होते व एएक्स या रजिस्टरमध्ये कारणाचा क्रमांक येतो.

हे क्रमांक फसवे आहेत. 'शिक्षा' हा शब्द हिंदीत शिक्षण सांगतो आणि मराठीत दंड, हे नागपूरकरांस सांगावयास नको. क्रमांकांचेही तसेच आहे. २ म्हणजे 'फाइल नाही', हे दोन्हीकडे समान. परंतु लिनक्समधील १३ म्हणजे 'परवानगी नाही', तर डॉसमध्ये तोच क्रमांक 'डेटा अयोग्य' असे सांगतो. परवानगी नाकारल्याचा डॉसमधील क्रमांक ५ होय, आणि लिनक्समध्ये ५ म्हणजे वाचन-लेखनातील बिघाड. लिनक्समधील ४, म्हणजे 'कॉल मध्येच खंडित झाला', यास तर डॉसमध्ये प्रतिशब्दच नाही. तेथे एम्युलेटरने सामान्यतः तोच कॉल पुन्हा करावा, हे उचित.

याहून गंभीर चूक कॅरीची. डॉसचा कॉल इंटरप्टद्वारे होतो. परतताना स्टॅकवर ठेवलेल्या जुन्या खुणा पुन्हा लागू होतात. म्हणून कॅरी स्टॅकवरील प्रतीतच बदलावी लागते. ती राहून गेली, तर एएक्समधील ५ हा नकार न ठरता उघडलेल्या फाइलचा क्रमांक ठरतो. डॉसमध्ये ० ते ४ हे क्रमांक आधीच राखलेले असल्याने प्रोग्रामने उघडलेल्या पहिल्या फाइलला बहुधा ५ हाच क्रमांक मिळतो. परिणामी एका फाइलसाठी असलेला मजकूर दुसऱ्याच फाइलवर लिहिला जातो, आणि जे जतन करावयाचे तेच नष्ट होते.

सारांश, नेमका प्रतिशब्द न सापडल्यास जवळचा क्रमांक द्यावा. कारणाची अर्थच्छटा हरपली तरी निभावते. नकार मात्र नकार म्हणूनच पोहोचला पाहिजे.