आकाशवाटा – लेखांक ७ : सावद्यावरचं आभाळ आणि ‘गगन’

मागच्या लेखांकात रडार पाहिलं. विमान कुठं आहे, हे रडार खालच्या कंट्रोलरला सांगतं. वैमानिकाला स्वतःची जागा कळावी म्हणून आता उपग्रह आहेत. पण त्यांच्या बाबतीत आपल्या मुलखाची एक खास अडचण आहे.

सावद्याच्या बसस्टँडवर फोनमधला जीपीएस पाच-दहा मीटर इकडेतिकडे दाखवतो, त्यानं रिक्षावाल्याचं काही अडत नाही. ढगातून धावपट्टीवर उतरणाऱ्या विमानाला एवढी चूक, विशेषतः उंचीतली, परवडत नाही. शिवाय चूक वाढली तर ‘आता माझ्यावर विसंबू नका’ असं काही सेकंदांत कळवणारं कुणीतरी लागतं.

त्यासाठी इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरणानं मिळून ‘गगन’ उभारलं. देशात 15 संदर्भ केंद्रं आहेत. अहमदाबाद आणि नागपूर त्यांतलीच. केंद्राची जागा आधीच अचूक मोजलेली असते. केळीच्या वजनकाट्यावर प्रमाणित माप ठेवून काटा तपासतात, तसा इथं जीपीएस तपासला जातो. निघालेला फरक बेंगळुरूला जातो आणि तिथून दुरुस्तीचा संदेश भूस्थिर उपग्रहामार्फत विमानाला मिळतो.

एवढ्यावर भागलं असतं, तर अमेरिकेची तयार व्यवस्था जशीच्या तशी आणता आली असती. आडवं आलं ते आयनांबर. उन्हानं वरच्या हवेतले इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि त्यांतून येताना उपग्रहाचा संदेश रेंगाळतो. साहजिकच उपग्रह आहे त्याहून दूर भासतो. चुंबकीय विषुववृत्तावर दिवसा हे इलेक्ट्रॉन वर उचलले जातात आणि चुंबकीय रेषांवरून उत्तर-दक्षिणेला घसरून तिथं साचतात. उत्तरेकडचा ढीग साधारण अहमदाबाद, भोपाळ, कोलकाता या पट्ट्यात पडतो. सावदा 21 अंशांवर, सातपुड्याच्या अलीकडे. म्हणजे आपण त्या ढिगाच्या उतारावर. इथं थोड्या अंतरातच इलेक्ट्रॉनांचं प्रमाण झपाट्यानं बदलतं. त्यात मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सूर्य मावळल्यावर या थरात विरळ बुडबुडे उठतात, संदेश थरथरतो, कधी तुटतोही.

अमेरिकी पद्धत आयनांबराला 350 किलोमीटर उंचीवरचा एकच पातळ पापुद्रा मानते आणि दर पाच अंशांवर, म्हणजे सुमारे साडेपाचशे किलोमीटरवर, एक दुरुस्ती देते. आपल्याकडे तेवढ्यानं निभणार नव्हतं. म्हणून इस्रोच्या शास्त्रज्ञांनी अनेक थरांचं स्वतःचं प्रारूप बांधलं. माझ्या मते ‘गगन’मधलं अस्सल संशोधन हेच, बाकीची बरीचशी यंत्रणा विकत मिळण्यासारखी होती.

वाट सरळ नव्हती. 15 एप्रिल 2010 रोजी जीएसएलव्हीचं उड्डाण फसलं आणि ‘गगन’चं उपकरण घेऊन निघालेला जीसॅट-4 बंगालच्या उपसागरात गेला. पुढं जीसॅट-8 आणि जीसॅट-10 वरून काम सुरू झालं. 2013 च्या डिसेंबरात पहिली मान्यता मिळाली आणि एप्रिल 2015 मध्ये उतरताना उंचीचं मार्गदर्शन करण्याचीही.

जळगावसारख्या विमानतळाला याचं मोल मुंबईपेक्षा जास्त. आयएलएस, म्हणजे जमिनीवरून विमानाला उतरण्याची वाट दाखवणारी रेडिओ यंत्रणा, बसवायची तर धावपट्टीपाशी अँटेना, त्यांची देखभाल, ठरावीक काळानं विमान उडवून तपासणी, आणि हे सगळं मोजक्या फेऱ्यांसाठी. ‘गगन’ला धावपट्टीवर काहीच उभारावं लागत नाही. उतरण्याचा मार्ग मोजून, आखून मंजूर झालेला हवा आणि विमानात रिसीव्हर हवा.

घोडं पेंड खातं ते या रिसीव्हरपाशी. 1 जानेवारी 2019 पासून नोंदल्या जाणाऱ्या प्रत्येक विमानात तो असावा, असं 2016 च्या हवाई धोरणात लिहिलं होतं. ती तारीख पुढं ढकलावी लागली. राजस्थानातल्या किशनगडला इंडिगोचं एटीआर विमान ‘गगन’च्या आधारे उतरलं, तो दिवस होता 28 एप्रिल 2022. यंत्रणेला मान्यता मिळून तेव्हा सात वर्षं झाली होती. संशोधकांनी आपलं काम वेळेत केलं, विमान कंपन्यांनी नाही.

(पुढच्या आठवड्यात : मुंबईच्या आभाळात जागा नसेल, तर विमान जळगावलाच का थांबवून ठेवतात?)