बाळाचा पाळणा: मानाचा किती, कामाचा किती



गटाच्या बैठकीत कर्जाचे अर्ज वाचताना एक कारण वरचेवर समोर येतं. लेक बाळंतपणाला आलीय, बारशाला पाळणा घ्यायचाय. म्हशीसाठी कर्ज मागितलं तर आपण दहा प्रश्न विचारतो. दूध किती देते, चारा कुठून आणणार, विमा काढला का? पाळण्याला मात्र कुणी काही विचारत नाही, कारण तो माहेरच्या मानाचा. आज मी विचारणार आहे. पहिल्या वर्षात बाळाला झोपायला नि खेळायला नक्की काय लागतं, आणि दुकानात मांडलेल्यातलं काय घरात आणूच नये, ते बघू.

आधी हिशेब मांडू. समजा पाळणा ६,००० रुपयांचा आहे. गटाचं व्याज महिना शेकडा दोन, उरलेल्या रकमेवर, आणि मुद्दल दरमहा ५०० रुपये फेडायचं. वर्षभरात व्याज होतं ७८० रुपये. म्हणजे पाळणा पडला ६,७८० रुपयांना. आता बाळ चार-पाच महिन्यांचं झालं की पालथं पडायला लागतं, हातावर जोर देऊन छाती उचलायला लागतं. त्या दिवसापासून झुलता पाळणा बंद करायचा, कारण बाळ काठाकडं रेललं की पाळणा कलतो आणि बाळ खाली येतं. वापर झाला फार तर पाच महिने, महिन्याला साडेतेराशे रुपयांच्या वर. हप्ते सुरूच असतात आणि पाळणा माळ्यावर गेलेला असतो. पुढं त्यात कांदे-लसूण ठेवलेले मी कितीतरी घरांत बघितलेत.

पाळणा घेऊच नका, असं मी म्हणत नाही. पण मान कशाचा आणि गरज कशाची, हे वेगळं करून बघायला पाहिजे. गरज साधी आहे. तान्ह्या बाळाला सपाट, घट्ट, रिकामी जागा लागते. मच्छर येणार नाही, धूर येणार नाही आणि आई हाताच्या अंतरावर असेल अशी. फिनलंड नावाच्या देशात सरकारनं १९३८ साली गरीब घरच्या आयांना बाळाच्या कपड्यांची पेटी द्यायला सुरुवात केली, १९४९ पासून ती सगळ्याच आयांना मिळू लागली. पेटी पुठ्ठ्याची. आत तळाला बसेल अशी छोटी गादी. कपडे बाहेर काढले की तीच पेटी बाळाचं पहिलं अंथरूण. त्या देशातली किती तरी माणसं पुठ्ठ्याच्या पेटीत झोपून मोठी झाली, कुणाचा मान गेला नाही.

आता झोळीबद्दल बोलू, कारण आपल्याकडं पाळण्यापेक्षा झोळीच जास्त. जुनी मऊ साडी, वर आडं किंवा शेतात झाडाची फांदी. झोळी का आली, हे शहरातल्या माणसाला कळत नाही. खाली विंचू, मुंग्या, कुत्रं. आई खुरपायला वाकलेली, ऊसतोडीच्या कोपीत तर जमिनीवर ठेवायची सोयच नाही. त्यामुळं झोळी वाईट, असं म्हणून मी मोकळी होणार नाही. पण तिचे दोन धोके सरळ सांगते.

पहिला धोका श्वासाचा. झोळीत बाळाची पाठ वाकते, हनुवटी छातीला टेकते. तान्ह्या बाळाची मान त्याच्या ताब्यात नसते आणि श्वासाची नळी मऊ असते. मान पुढं दुमडली की ती दबते, आणि बाळ रडूनही सांगत नाही. वरून साडीचे दोन्ही काठ एकत्र येऊन तोंडावर पडले की हवा आणखी कमी. म्हणून झोळी दिवसा, थोडा वेळ, कुणीतरी बघत असताना. रात्रीची झोप तिच्यात नको. वरच्या बाजूला दोन्ही काठांच्या मधे आडवी काठी घाला, म्हणजे तोंड उघडं राहतं. बाळाचा चेहरा येता-जाता दिसला पाहिजे, हनुवटी वर आहे का हे बघितलं पाहिजे. कमी वजनाच्या, म्हणजे जन्मताना अडीच किलोच्या आतल्या बाळाला झोळीत ठेवूच नका. त्या बाळाची जागा आईच्या उघड्या छातीवर, कातडीला कातडी लावून. कांगारू पद्धत म्हणतात ती हीच. १९७८ साली कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरात डॉक्टरांनी ती सुरू केली, आज आपल्या सरकारी दवाखान्यातही शिकवतात. तिला एक रुपयाचं फर्निचर लागत नाही.

दुसरा धोका मोठ्या भावंडांचा. बाळ उठलं की रिकामी झोळी लोंबत राहते, पाच-सात वर्षांचं पोर तिच्यात बसतं, गोल-गोल फिरून पीळ घालतं. साडीचा पीळ गळ्याभोवती बसला तर ते पोर ओरडू शकत नाही. अशा बातम्या आपल्या वर्तमानपत्रांत येतात, आपण वाचून हळहळतो आणि झोळी तशीच ठेवतो. बाळ उचललं की साडी वर गाठ मारून अडकवायची, पोरांच्या हाताला येणार नाही अशी. एवढं एक काम घरातल्या म्हाताऱ्या आत्याबाईंवर सोपवलं तरी चालतं, त्या विसरत नाहीत.

आता पाळणा घ्यायचाच असेल तर. दुकानात नक्षी नि घुंगरू बघू नका, गज बघा. दोन गजांमधली फट सहा सेंटिमीटरपेक्षा मोठी नको. सुताराला सांगताना दोन इंच तीन सूत म्हणा, त्याला लगेच कळतं. फट मोठी असली तर बाळाचं अंग पायाकडून सरकून बाहेर येतं आणि डोकं आत अडकतं. मोजपट्टी नसेल तर दोन-दोन मापाची बारीक काचेची बांगडी घ्या आणि दोन गजांच्या मधे तिची पूर्ण रुंदी येईल अशी धरा. बांगडी अडली तर बरं. सुळकन पलीकडं गेली तर तो पाळणा नको. दुकानदार हसेल, हसू दे.

मग पाळणा हलवून बघा. झुलवताना खूप कलत असेल, किंवा झुलणं बंद करून अडकवायची कडी नसेल, तर नको. बाळ झोपलं की पाळणा स्थिर ठेवायचा. तळ सपाट आणि टणक पाहिजे, मधे खोलगट झालेला नायलॉनच्या जाळीचा नको. लोखंडी पाळण्याचे सांधे हाताने चाचपा, कुठं खरखरीत लागतंय का, स्क्रू बाहेर आलाय का. पाळणा आढ्याला टांगायचा असेल तर हूक, कडी आणि दोरी दर आठ दिवसांनी बघायची. जुन्या घराच्या वाशाला भुंगा लागलेला असतो, तो वरून दिसत नाही.

घरात सासूबाईंच्या काळातला सागवानी पाळणा असेल तर नवा कशाला? फक्त रंग बघा. पूर्वीच्या रंगांत शिसं भरपूर असायचं. शिसं पोटात गेलं की पोराच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो, आणि दात येताना पोरं काठ चावतातच. घरगुती रंगात शिसं दहा लाखांत ९० भागांपेक्षा जास्त नको, हा आपल्या देशातला नियम २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. जुना रंग घरात कोरड्या पॉलिश पेपरने घासू नका, त्या धुळीतच शिसं असतं. सुताराकडं, घरापासून लांब, ओलं करून घासायला सांगा. गरोदर बाई आणि लहान पोरं तिथं नकोत. पितळी पाळण्याला हा प्रश्न नाही, पण त्याचे टोकदार मोर नि पोपट तपासा.

पाळण्यात काय ठेवायचं, याचं उत्तर छोटं आहे. पातळ घट्ट गादी किंवा एक गोधडी, वर ताणून बसवलेलं दुपटं, आणि बाळ. उशी नको. डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी करतात, तीही नको. बाळाचं डोकं कधी डावीकडं, कधी उजवीकडं वळवून ठेवलं की पुरतं. बाजूला गुंडाळलेल्या चादरी, मऊ खेळणी, लोकरीचं जाड पांघरूण काही नको. झोपवायचं पाठीवर. दूध ओकलं तर घशात अडकेल, अशी भीती आजीला वाटते. पण पाठीवर असताना श्वासाची नळी वर आणि अन्नाची नळी खाली असते, त्यामुळं निरोगी बाळाला पाठीवर धोका कमी. अमेरिकेत १९९४ साली पाठीवर झोपवायची मोहीम निघाली, त्यानंतर झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण तिथं जवळजवळ निम्म्यावर आलं.

वर टांगलेलं चिमणाळं बाळाच्या हाताला येणार नाही एवढं उंच ठेवा, आणि बाळ हातावर उठायला लागलं की काढून टाका. दृष्टीचा काळा दोरा आणि ताईत झोपताना गळ्यात नको, गजाला अडकतो. दृष्ट मनगटावरच्या काळ्या मण्यांनीही लागत नाही, असं आपल्याच आज्या सांगतात! छत्रीची मच्छरदाणी घेतली तर तिच्या कडा गादीखाली नीट दाबल्या जातात ना, ते बघा. सरकारच्या बेबी केअर किटमध्ये छोटी गादी आणि मच्छरदाणी असते. पहिलं बाळंतपण सरकारी दवाखान्यात झालं असेल तर विकत आणण्याआधी अंगणवाडी ताईंना विचारा.

रात्री बाळ आईजवळ झोपतं, ती आपली रीत आहे आणि दूध पाजायला तीच सोयीची. तेव्हा अंथरूण जमिनीवर घाला. बाज मधे झोळते, बाळ घरंगळून आईच्या अंगाखाली येतं, नाहीतर बाज नि भिंत यांच्या फटीत जातं. नवरा पिऊन आला असेल तर तो त्या अंथरुणावर नको. हे रेडिओवर बोलायला अवघड वाटतं, पण बोलते.

बाजेवरून आठवलं, बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्याची शेगडी ठेवून दारं-खिडक्या लावून घ्यायची पद्धत अजून आहे. शेकाला माझी ना नाही. पण निखाऱ्यातून एक वायू निघतो, त्याला वास नाही, रंग नाही. बंद खोलीत तो साठला की आधी डोकं जड होतं, झोप येते, आणि त्या झोपेतून आई नि बाळ दोघंही उठत नाहीत. धूर दिसत नाही म्हणून धोका नाही, असं समजू नका. शेक घेताना खिडकी उघडी पाहिजे, आणि शेक झाला की शेगडी बाहेर. झोपताना आत राहता कामा नये. घरात बाळंतीण असेल तर आजच हे सांगा, पाळण्याचं नंतर बघू.

चाकांचा गोल वॉकर, ज्यात पोर बसून पायांनी ढकलतं, तो आणू नका. त्याने पोर लवकर चालत नाही, उलट उशीर होऊ शकतो. क्षणात चुलीपाशी, नाहीतर ओट्याच्या पायरीवर पोचतं. कॅनडा देशाने २००४ साली त्याच्या विक्रीवरच बंदी घातली. आपला लाकडी पांगुळगाडा वेगळा, तो उभं राहता येणाऱ्या पोरानं मागून ढकलायचा असतो. अंगणात सपाट जागी, मोठं माणूस जवळ असताना, तो चांगला.

आता मानाचं काय करायचं? आमच्या भागातल्या एका गटानं उपाय काढलाय, तो मला पटला. त्यांनी गावच्या सुताराकडून मापात दोन पाळणे करून घेतले, गटाच्या निधीतून. ज्या घरात बाळ येईल तिथं पाच महिन्यांसाठी पाळणा जातो, थोडं भाडं घेतात. बारशाला फुलं लावून सजवतात, माहेरची माणसं त्यात आपलं दुपटं आणि टोपडं घालतात, ओटी भरतात. पाळणा परत आला की साबणाच्या पाण्यानं धुऊन उन्हात ठेवायचा, सांधे आणि गज तपासायचे, मगच पुढच्या घरी. त्यासाठी वहीत वेगळं पान आहे: कुणाकडं गेला, कधी परतला, काय दुरुस्त केलं, आणि तपासणाऱ्या दोघींच्या सह्या.

दवाखान्यात बाळंतपण झालं की आशाताई ४२ दिवसांत सहा वेळा घरी येतात, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. वजन करून झालं की त्यांना बाळाची झोपायची जागाही दाखवा, गज, दोरी, शेगडी सगळं. तिसऱ्या दिवशीच दाखवलं तर बारशाच्या आत बदल करायला नऊ दिवस हातात राहतात.