माती, गादी आणि प्रमाणपत्र

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत यात्रा-जत्रांचे दिवस सुरू झाले की एक प्रश्न मला हमखास विचारला जातो. मी आयुष्यभर शाळेत क्रीडाशिक्षक म्हणून काम केलं, तालुका-जिल्ह्याच्या स्पर्धांत कुस्तीचा पंच म्हणून उभा राहिलो, म्हणून लोक मला विचारतात. प्रश्न असा, की कृष्णाकाठच्या गावागावांत तालीम आहे, मैदानाला हजारो माणसं जमतात, हलगी कडाडते, मग ऑलिंपिकला आपल्या भागाचं नाव का ऐकू येत नाही? पोरांत दम राहिला नाही का?

माझ्या मते प्रश्न दमाचा नाही. आपण ज्याला एका नावानं ‘कुस्ती’ म्हणतो ते आता दोन वेगळे खेळ झाले आहेत. एक मातीवरचा, दुसरा मॅटवरचा, म्हणजे आपल्या बोलीत गादीवरचा. हा फरक नीट समजला तर पुढची पुष्कळ कोडी सुटतात.

मातीच्या कुस्तीत गुण नसतात. समोरच्याची पाठ आणि दोन्ही खांदे मातीला लावले की कुस्ती निकाली, नाहीतर नाही. त्यामुळे मल्लाला घाई नसते. सलामी झाली की खडाखडी होते, एकमेकांच्या ताकदीचा अंदाज घेतला जातो. कुणी पालथा पडून राहिला तरी त्याचं काही जात नाही, उलट तो बचावच समजतात. लांघेला हात घालून पकड घेता येते. हौदातली माती ताक, तेल, हळद, लिंबू घालून मऊ केलेली असते. ती पाय धरून ठेवते, त्यामुळे तिथं वेगापेक्षा ताकद आणि दमसास जास्त उपयोगी पडतो.

गादीवर यातलं बरंच उलटं होतं. नऊ मीटर व्यासाचं वर्तुळ, तीन-तीन मिनिटांचे दोन डाव आणि मध्ये तीस सेकंदांची विश्रांती. खेळ एवढ्यात संपतो. प्रतिस्पर्ध्याला खाली नेऊन मागून ताबा घेतला की दोन गुण, त्याची पाठ गादीकडे वळवली की दोन, उचलून फेकलं तर चार किंवा पाच. रेषेबाहेर पाय पडला तर समोरच्याला एक. मातीत जो बचाव, म्हणजे पालथं पडून राहणं, तो इथं आयते दोन गुण देऊन बसतो. पोशाख धरणं हा गुन्हा. नुसतीच खडाखडी केली तर पंच ताकीद देतात आणि मग तीस सेकंदांत गुण मिळवावा लागतो, नाहीतर तो समोरच्याला जातो. फ्रीस्टाईलमध्ये दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथंच संपते. चितपट केलं तर तो विजय अर्थातच कधीही मिळतो.

हे नियमही स्थिर राहिलेले नाहीत. फेब्रुवारी २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या कार्यकारी मंडळानं २०२० पासून कुस्ती वगळावी अशी शिफारस केली होती. त्या धक्क्यानंतर जागतिक संघटनेनं नेतृत्व बदललं, नियम सोपे केले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कुस्तीला आपली जागा परत मिळाली. त्याआधी दोन-दोन मिनिटांचे तीन स्वतंत्र डाव असत. आज दिसते ती एकूण गुणांची पद्धत तेव्हापासूनची. तेव्हा ज्या मुलाला गादीवरचं शिक्षण वेळेवर मिळालं नाही, तो नियमांतच मागं पडतो. अंगात बळ असून उपयोग होत नाही.

आपल्या मातीतल्या मुलाला हा बदल जमतच नाही असं मात्र कुणी म्हणू नये. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला गेले तेव्हा गादी त्यांना नवीन होती. तरीही फ्लायवेट गटात ते सहावे आले. मग चार वर्षं त्यांनी त्या खेळाचा अभ्यास केला. १९५२ साली हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे नव्हते. गावानं वर्गणी काढली, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून रक्कम उभी केली. तिथं बँटमवेट गटात कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवून खाशाबांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पुढं १९६२ च्या जाकार्ता एशियाडमध्ये सांगली जिल्ह्याच्या दोन मल्लांनी कमाल केली. शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे गणपतराव आंदळकर आणि मिरज तालुक्यातल्या कवठेपिरानचे मारुती माने, दोघांनीही एकेक सुवर्ण आणि एकेक रौप्य मिळवलं. पहिला महाराष्ट्र केसरी, १९६१ चा, तोही सांगली जिल्ह्याचाच, दिनकर दह्यारी.

आणि त्यानंतर? महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिंपिक पदकासाठी २०२४ पर्यंत, म्हणजे बहात्तर वर्षं थांबावं लागलं. ते आणलं कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्निल कुसाळेनं, तेही नेमबाजीत. त्याच पॅरिसमध्ये कुस्तीचं पदक अमन सेहरावत या हरियाणाच्या मुलानं मिळवलं. त्याचा वजनगट होता ५७ किलो. खाशाबांच्या बँटमवेट गटाची मर्यादाही ५७ किलोच होती.

हा ५७ चा आकडा लक्षात ठेवा, कारण आपल्या अडचणीचं एक मोठं कारण त्यात आहे. ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या फ्रीस्टाईलचे सहा गट आहेत: ५७, ६५, ७४, ८६, ९७ आणि १२५ किलो. म्हणजे सहापैकी पाच पदकं शंभर किलोच्या आतल्यांसाठी आहेत. आपल्याकडची मानाची गदा मात्र ८६ ते १२५ किलोच्या गटाला मिळते. महाराष्ट्र केसरीच्या अधिवेशनात खालच्या वजनांच्याही कुस्त्या होतात, माती आणि गादी असे दोन्ही विभाग असतात, आणि शेवटी मातीचा विजेता आणि गादीचा विजेता गदेसाठी भिडतात. पण दुसऱ्या दिवशी कुणाचं नाव लोकांच्या तोंडी असतं? ५७ किलोत पहिल्या आलेल्या मुलाला त्याच्या तालुक्यातही फारसं कुणी ओळखत नाही. यात्रेतही तेच. मोठ्या इनामाची शेवटची जोड म्हणजे दोन अवाढव्य पैलवान, आणि हलक्या वजनाच्या पोरांच्या कुस्त्या भर दुपारच्या उन्हात, पन्नास-शंभर रुपयांवर उरकलेल्या. मग घरचे खुराक वाढवतात, वजन वाढवा म्हणतात. ज्या मुलाच्या हाडापेराला ६५ किलो शोभलं असतं, त्याला नव्वदवर नेऊन बसवतात.

वजनाचं शास्त्र दुसऱ्या टोकालाही कडक आहे. २०१८ पासून एका गटाच्या कुस्त्या दोन दिवस चालतात आणि दोन्ही दिवशी सकाळी वजन होतं. पॅरिसमध्ये विनेश फोगट अंतिम फेरीत पोहोचली आणि दुसऱ्या सकाळी पन्नास किलोवर शंभर ग्रॅम भरल्यानं बाद झाली, हे सगळ्यांनी पाहिलं. मैदानात नुसत्या नजरेनं जोड लावणाऱ्या आपल्या लोकांना तो अन्याय वाटला. पण गादीच्या खेळात काटा हाही एक पंच असतो, आणि मुलाला हे कोवळ्या वयातच शिकवावं लागतं. उपाशी ठेवून नव्हे. योग्य गट निवडून.

आता मुलींविषयी. तालमीत बाईमाणसानं पाऊल टाकायचं नाही, हा दंडक माझ्या पिढीनं पाहिला आहे. स्त्रियांची कुस्ती ऑलिंपिकमध्ये २००४ साली अथेन्सला आली, २०१६ साली रिओत साक्षी मलिकनं देशाला पदक दिलं, आणि मार्च २०२३ मध्ये पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली ती आपल्या सांगलीत. गदा जिंकली सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं, कल्याणच्या वैष्णवी पाटीलला हरवून. त्या दिवसानंतर आमच्या भागातले बाप मुलींना घेऊन चौकशीला येऊ लागले, हे मी स्वतः अनुभवलं. ते जे विचारतात ते साधं असतं. शिकवणारी बाई आहे का? कपडे बदलायला खोली आहे का? सरावानंतर अंधार पडला तर घरी येण्याची सोय काय? बहुतेक ठिकाणी याची उत्तरं देता येत नाहीत. गदेपेक्षा ही तीन उत्तरं तयार करणं जास्त गरजेचं आहे.

मुलींचा हा झगडा जगभर चालू आहे. मुष्टियुद्धात स्त्रियांना ऑलिंपिकचं दार २०१२ साली लंडनला उघडलं. कॅनडाची मँडी बुजोल्ड ही त्या देशाची अनेक वेळची विजेती. टोकियोच्या वेळी करोनामुळे पात्रता स्पर्धा रद्द झाली आणि जुन्या स्पर्धांच्या क्रमवारीवरून जागा वाटायचं ठरलं. त्या स्पर्धा झाल्या तेव्हा ती गरोदर आणि नंतर बाळंतीण होती, म्हणून तिच्या नावावर गुणच नव्हते. तिनं क्रीडा लवादाकडे दाद मागितली आणि जून २०२१ मध्ये निकाल तिच्या बाजूनं लागला. गरोदरपणाआधीची क्रमवारी धरावी, असं लवादानं सांगितलं. टोकियोत तिला पदक मिळालं नाही, पण तो निकाल पुढच्या मुलींच्या कामी येईल. मुष्टियुद्ध आपल्याला अगदीच परकं नाही. वाळवा तालुक्यातल्या पेठचे मुरलीकांत पेटकर लष्करात मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून ते अपंग झाले आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये त्यांनी पोहण्यात सुवर्णपदक मिळवलं.

शेवटचा मुद्दा संघटनांचा. तो रुक्ष आहे, पण मुलांचं सर्वांत जास्त नुकसान त्यातच होतं. एप्रिल २०२२ मध्ये साताऱ्यात महाराष्ट्र केसरी झाली आणि कोल्हापूरचा पृथ्वीराज पाटील जिंकला. त्याच वर्षी भारतीय कुस्ती महासंघानं राज्याची जुनी कुस्तीगीर परिषद बरखास्त केली. पुढं कुस्तीगीर संघ आणि परिषद असे दोन दावेदार झाले. नोव्हेंबर २०२३ मध्ये फुलगावला सिकंदर शेख महाराष्ट्र केसरी झाला आणि काही दिवसांतच धाराशिवला शिवराज राक्षे. २०२५ मध्ये पुन्हा तेच घडलं, अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ आणि कर्जतला वेताळ शेळके. मल्ल चौघेही मेहनती आहेत, त्यांचा यात दोष नाही. पण एका गदेचे दोन मानकरी झाले की गदेचं वजन कमी होतं.

दिल्लीतही फार वेगळं नव्हतं. जानेवारी २०२३ मध्ये नामवंत मल्ल महासंघाच्या अध्यक्षांविरुद्ध रस्त्यावर बसले. वेळेत निवडणूक झाली नाही म्हणून ऑगस्टमध्ये जागतिक संघटनेनं महासंघाला निलंबित केलं आणि आपल्या मल्लांना जागतिक स्पर्धेत तिरंग्याशिवाय उतरावं लागलं. डिसेंबरात निवडणूक झाली, लगेच केंद्र सरकारनं महासंघ निलंबित केला आणि ते निलंबन मार्च २०२५ मध्ये उठलं. मुष्टियुद्धात तर जागतिक संघटनेचीच मान्यता ऑलिंपिक समितीनं २०२३ साली काढून घेतली आणि २०२५ मध्ये नव्या संघटनेला तात्पुरती मान्यता दिली, तेव्हा कुठं २०२८ च्या लॉस एंजेलिसमध्ये मुष्टियुद्ध राहणार हे नक्की झालं.

गावातल्या बापाला याच्याशी काय देणंघेणं, असं वाटेल. तर सांगतो. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. दहावी-बारावीला सवलतीचे गुण आहेत. या दोन्हींसाठी लागतं प्रमाणपत्र, आणि ते मान्यताप्राप्त संघटनेच्या स्पर्धेचं असावं लागतं. मुलगा तेवढाच घाम गाळतो, तेवढाच खुराक खातो, पदकही खरंच जिंकतो. पण स्पर्धा भरवणाऱ्या संघटनेला त्या दिवशी मान्यता नसेल तर पडताळणीत कागद बाद होतो. अल्पभूधारक शेतकऱ्यानं म्हैस विकून केलेल्या दहा वर्षांच्या खर्चाचं मोल त्या एका शिक्क्यावर ठरतं. म्हणून मुलाचं नाव स्पर्धेत घालण्यापूर्वी जिल्हा क्रीडा अधिकाऱ्याच्या कार्यालयात जाऊन स्पर्धेची मान्यता विचारून घ्या. विचारण्यात कमीपणा नाही.

यात्रा कमिट्यांनाही एक विनंती. मातीचं मैदान बंद करा असं मी कधीच म्हणणार नाही. दमसास, पकड आणि निडरपणा मातीच शिकवते. पण दोन-चार गावांनी मिळून एक गादी घ्या. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी काट्यावर वजन करून मुलामुलींच्या कुस्त्या त्या गादीवर, नियमानं लावा. आणि ५७ किलोच्या पोराची कुस्ती भर उन्हात उरकू नका, संध्याकाळी लोक जमल्यावर लावा. त्याचं नाव गाव मोठ्यानं पुकारा. खाशाबाही त्याच वजनाचे होते, हे पुकारणाऱ्यानं सांगितलं तर फारच बरं.