चुंबक खिशात घेऊन फियाट बघायला

जुनी युरोपियन गाडी घ्यायची म्हटलं की खामगावात पहिला प्रश्न येतो, "बाहेर देशातून मागवता का काय?" आणि दुसरा लगेच, "पंधरा वर्षांच्या वरच्या गाड्या तं सरकार भंगारात घालते ना भाऊ?" दोन्ही प्रश्नांचं उत्तर 'नाही' असं आहे, पण त्या दोन 'नाही'मध्ये पुष्कळ काही भरलेलं आहे.

आधी मागवण्याचं. तीन वर्षांपेक्षा जुनी वापरलेली मोटार सरळ मार्गाने आयात करता येत नाही. फार जुन्या व्हिंटेज गाड्यांची वाट वेगळी आहे, पण तिच्यावरचं शुल्क तुमच्या-माझ्या खिशाचं नाही. आणि गरजही नाही, कारण युरोप कुर्ल्यातच तयार होत होता. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने इटलीच्या फियाटशी हात मिळवून ११०० ही गाडी इथे आणली. जुन्या गोलमटोल मॉडेलला आपण प्रेमाने डुक्कर फियाट म्हटलं. १९६४ मध्ये ११०० डिलाइट आली आणि तीच पुढे १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी' झाली. म्हणजे ज्या गाडीतून मामाची वरात निघाली, ती जन्माने इटालियन. अँबेसेडर ही ब्रिटनची मॉरिस ऑक्सफर्ड. मद्रासला बनणारी स्टँडर्ड हेराल्ड म्हणजे ट्रायम्फ हेराल्ड. तिचा आराखडा मिकेलोत्ती या इटालियनाचा आणि तिचं बॉनेट पुढच्या बाजूला झुकून उघडतं. माझ्या मते तिघींत देखणी हेराल्डच. पण तिचा एखादा सुटा भाग हवा असला तर खामगावातला मिस्त्री नुसता आकाशाकडे बघतो. पद्मिनीचं तसं होत नाही, आणि त्याचं श्रेय मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीला. हजारो टॅक्सी दिवसरात्र धावल्या, म्हणून १०८९ सीसीच्या त्या इंजिनाच्या रिंगा, पिस्टन, क्लच प्लेट यांचा धंदा टिकला.

भंगाराचा गैरसमजही टॅक्सीतूनच आला. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरमध्ये ताडदेवला नोंदली गेली आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तिची मुदत संपली. बातम्या आल्या, लोक हळहळले आणि अनेकांनी समजूत करून घेतली की पद्मिनीवर बंदी आली. तो नियम टॅक्सीचा. पेट्रोलला पंधरा आणि डिझेलला दहा वर्षं हा निर्बंध दिल्ली परिसराचा. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे गाडी तपासून दर वेळी पाच वर्षांसाठी रिपासिंग होतं. फुकट मात्र होत नाही. २०२२ पासून मोटारीचं नूतनीकरण शुल्क ५,००० रुपये झालं, २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी ते १०,००० वर गेलं. पर्यावरण कर वेगळा. मुदत उलटून गेली असेल तर उशिराच्या दर महिन्याला ५०० रुपये जादा आकारणीची तरतूद आहे. दहा वर्षं शेडमध्ये पडलेली गाडी 'स्वस्तात' घेणाऱ्याने सौद्याआधी आरटीओत जाऊन हा हिशेब विचारावा.

'व्हिंटेज नंबर घेतला की झालं' हा आणखी एक समज. २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली, मूळ रूप राखलेली बिगर-व्यावसायिक गाडी व्हिंटेज ठरते आणि अर्ज केल्यावर तिला 'व्हीए' अक्षरांचा नंबर मिळतो. नव्या नोंदणीला २०,००० रुपये. पण त्या नंबरावर गाडी रोज फिरवता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशाच कामांसाठी बाहेर काढता येते. दर गुरुवारी शेगावला दर्शनाला जायचा बेत असेल तर साधी एमएच-२८ पाटीच बरी.

आता पत्रा. मागच्या वर्षी एका बंद जिनिंगच्या शेडमध्ये पद्मिनी बघायला गेलो. पांढरी, चकचकीत, स्टिअरिंगलाच गिअर, दाराच्या पुढच्या टोकाला ती त्रिकोणी काच. रेडिएटरच्या जाळीत रुई अडकलेली. विकणारे म्हणाले, "एकदम ओरिजिनल, हात नाही लावला." मुलाच्या कंपासपेटीतलं चुंबक फडक्यात गुंडाळून दाराखालच्या पट्टीला लावलं. खाली पडलं. एक वीत पुढे लावलं, पुन्हा पडलं. आत पत्रा नव्हताच, लांबी भरून वरून रंग मारला होता. पायाखालची रबरी चटई उचलली तर शेडची फरशी दिसली! सोबतचा मिस्त्री एवढंच म्हणाला, "इंजिन आठ दिवसात बांधून देतो भाऊ. पत्रा गेला तं गाडी गेली."

त्याचं खरं होतं. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चेसी नाही, पत्र्याचा सांगाडाच सगळा भार पेलतो. जॅकवर चढवून दार उघडा आणि लावून बघा. दार अडत असेल तर सांगाडा वाकतो आहे. लोक इंजिनाचा आवाज ऐकत बसतात आणि पैसे मात्र पत्र्यावर जातात. 'मुंबईची गाडी म्हणजे चांगली ठेवलेली' हेही तपासून घ्या. समुद्राच्या हवेने पत्रा खाल्लेला असतो. वऱ्हाडच्या कोरड्या हवेत पत्रा टिकतो, पण उन्हाने रबरं आणि वायरींचं आवरण तडकलेलं असतं. ते बदलणं त्यामानाने सोपं.

उन्हाचा समज वेगळाच. मे महिन्यात गाडी चढावर बंद पडली की लोक म्हणतात इंजिन बसलं. बहुतेक वेळा एसी पंपात, म्हणजे टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपात, पेट्रोलची वाफ धरलेली असते. बॉनेट उघडून पंपावर ओलं फडकं टाका, दहा मिनिटं थांबा. नव्या पेट्रोलची काळजी मात्र खोटी नाही. वीस टक्के इथेनॉल त्या काळच्या नळ्यांना आणि पंपाच्या पडद्याला सोसत नाही. इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या बसवाव्यात. शिवाय ते पाणी ओढतं, म्हणून महिनोन् महिने टाकी भरून ठेवू नये.

शेडमधली गाडी मी घेतली नाही. गेल्या महिन्यात दुसरी सापडली, पत्रा ठणठणीत, चुंबक घट्ट बसलं. पण आरसी बुकावर नाव वारलेल्या आजोबांचं. चार वारस, त्यातला एक सुरतेला. अशा वेळी फॉर्म २९ आणि ३० चालत नाहीत. आधी फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर गाडी चढवावी लागते, मग विक्री. जुनी नोंद संगणकावर नसेल तर तीही चढवून घ्यायची. 'कागद मागून होतील' असं विकणारे म्हणालेच. मी चेसी नंबर पेन्सिलीने कागदावर घासून आणला आहे, आणि सुरतवाला दिवाळीत येणार आहे.