पाटीवरचा रजिस्ट्रेशन नंबर: डॉक्टरांच्या परवान्याबद्दलचे गैरसमज

दवाखान्याच्या पाटीवर डॉक्टरांचं नाव मोठ्या अक्षरांत असतं, त्याखाली पदव्यांची रांग आणि अगदी तळाशी बारीक टाइपात एक नंबर. तो नंबर फारसं कुणी वाचत नाही. पण पाटीवरची सरकारच्या कायद्याने तपासता येईल अशी खूण तीच आहे. डॉक्टरांचं ज्ञान रुग्णाला स्वतःला जोखता येत नाही. म्हणून कुणाला उपचार करू द्यायचे आणि कुणाला नाही, हे ठरवण्याचं काम राज्याने नोंदणी परिषदांवर सोपवलं. मुंबई इलाख्यात ही व्यवस्था १९१२ च्या मुंबई वैद्यक कायद्याने सुरू झाली. आज महाराष्ट्रात १९६५ चा महाराष्ट्र वैद्यक परिषद कायदा आणि त्यावर केंद्राचा २०१९ चा राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा लागू आहे. इतकी जुनी व्यवस्था असूनही तिच्याबद्दल गैरसमज पुष्कळ आहेत, आणि घरात कुणी आजारी पडलं की नेमके तेच महागात पडतात.

"पदवी मिळाली म्हणजे डॉक्टर झाला"

पदवी विद्यापीठ देतं. उपचार करण्याचा अधिकार पदवीने मिळत नाही, तो नोंदणीने मिळतो. एमबीबीएस झालेल्या विद्यार्थ्याला इंटर्नशिप पूर्ण करावी लागते, मग राज्याच्या वैद्यक परिषदेच्या नोंदवहीत त्याचं नाव चढतं आणि नंबर मिळतो. नोंदणी नसताना व्यवसाय केला तर २०१९ च्या कायद्याच्या कलम ३४ नुसार एक वर्षापर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

हा नंबर जन्मभराचा आहे, हीसुद्धा चुकीची समजूत. महाराष्ट्रात नोंदणीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं आणि त्यासाठी त्या पाच वर्षांत सतत वैद्यकीय शिक्षणाचे ३० क्रेडिट गुण मिळवावे लागतात. वीस वर्षांपूर्वी शिकलेल्या औषधांवर आज प्रॅक्टिस चालू नये, एवढाच त्यामागचा हेतू. हे गुण परिषदा-चर्चासत्रांना हजेरी लावून मिळतात. हजेरीने ज्ञान वाढतंच असं नाही, हे मान्य. तरीही अट असणं हे नसण्यापेक्षा बरं, असं माझं मत आहे.

विशेषज्ञतेचंही तसंच आहे. एमडी किंवा एमएस ही वाढीव पात्रता परिषदेकडे वेगळी नोंदवावी लागते. त्या शाखेतली खास पात्रता नसताना स्वतःला तज्ज्ञ म्हणवणं हे डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार गैरवर्तन आहे. पाटीवर दोन ओळी भरून संक्षेप असले तर त्यांतल्या पदव्या कोणत्या आणि दोन दिवसांच्या कार्यशाळेची प्रमाणपत्रं कोणती, हे विचारण्यात संकोच कसला?

"डॉक्टर म्हणजे डॉक्टर, सगळे एकाच कौन्सिलचे"

सर्वांत मोठा गोंधळ इथे आहे. महाराष्ट्रात डॉक्टरांची एकच नोंदवही नाही. एमबीबीएस आणि त्यावरच्या पदव्यांची नोंद महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे होते. आयुर्वेद आणि युनानीच्या पदवीधरांची नोंद १९६१ च्या महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियमाखालच्या महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे असते. होमिओपॅथीची परिषद वेगळी, दंतवैद्यांची वेगळी. प्रत्येकाचा नंबर खरा असतो, पण तो ज्या पद्धतीचा आहे त्याच पद्धतीचं शिक्षण झाल्याचं सांगतो. म्हणून नुसता नंबर बघून भागत नाही. तो कोणत्या परिषदेचा, हे बघायला हवं.

बीएएमएस किंवा बीएचएमएस डॉक्टरांनी ॲलोपॅथीचं औषध लिहावं का, या प्रश्नावर लोक दोन टोकांची उत्तरं देतात. काहींना ते सर्रास बेकायदा वाटतं, काहींना सर्रास कायदेशीर. वस्तुस्थिती यांच्या मध्ये आहे. होमिओपॅथीची नोंदणी असलेल्या डॉक्टरने ॲलोपॅथीची औषधं दिली आणि रुग्ण दगावला, अशा मुंबईतल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली ठरवलं, की ज्या पद्धतीचं शिक्षण नाही तिचे उपचार करणं हाच निष्काळजीपणा, तो वेगळा सिद्ध करायची गरज नाही. १९९८ च्या दुसऱ्या निकालात न्यायालयाने म्हटलं, की राज्याच्या कायद्याने मुभा दिली असेल तेवढ्या मर्यादेत इतर पद्धतींचे डॉक्टर आधुनिक औषधं वापरू शकतात. म्हणजे उत्तर राज्यागणिक बदलतं. महाराष्ट्राने आयुर्वेद पदवीधरांना अधिसूचनांद्वारे अशी मुभा दिली आहे. होमिओपॅथीच्या डॉक्टरांसाठी २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यांना मर्यादित वाट मोकळी करण्यात आली. ॲलोपॅथीच्या डॉक्टरांच्या संघटनांनी त्याला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं, आणि तो वाद बरीच वर्षं चालला आहे.

यावर मत देताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत आणि आदिवासी पट्ट्यांत रात्री-अपरात्री दार उघडणारा डॉक्टर पुष्कळदा बीएएमएस असतो. काही प्राथमिक आरोग्य केंद्रांचा भारही त्यांच्याच खांद्यावर आहे. त्यांना सरसकट बोगस म्हणणं हा अन्याय आहे. पण आपल्यावर उपचार करणाऱ्याचं शिक्षण कशाचं झालंय, हे कळण्याचा रुग्णाचा हक्क त्यामुळे कमी होत नाही. चिठ्ठीवर, प्रमाणपत्रावर आणि पैशांच्या पावतीवर नोंदणी क्रमांक लिहिणं ॲलोपॅथीच्या डॉक्टरांना २००२ च्या त्याच आचारसंहितेने बंधनकारक केलं आहे. महाराष्ट्र वैद्यक परिषदेने अलीकडे त्याच्या जोडीला क्यूआर कोडही आणला आहे. मोबाइलवर तो स्कॅन केला की नोंदणी चालू आहे की नाही, हे तिथल्या तिथे दिसतं.

"परिषद म्हणजे सरकारी खातं"

तसं नाही. ती कायद्याने स्थापन झालेली संस्था आहे. तिचे काही सदस्य डॉक्टर मतदानाने निवडून देतात, काही सरकार नेमतं, आणि बहुसंख्य सदस्य डॉक्टरच असतात. डॉक्टरांच्या चुका डॉक्टरांनीच तपासायच्या, याबद्दल लोकांच्या मनात असलेली शंका रास्त आहे. उपचारातली चूक ओळखायला त्या विषयाचा जाणकार लागतो, हेही तितकंच खरं. मला खटकतं ते वेगळं: अशा संस्थेत रुग्णांचा आवाज जवळजवळ नसतो.

"कौन्सिलकडे तक्रार केली की भरपाई मिळते"

मिळत नाही. परिषदेला पैसे देववण्याचा अधिकारच नाही. ती डॉक्टरला ताकीद देऊ शकते, ठरावीक काळासाठी नोंदणी निलंबित करू शकते किंवा नाव कायमचं काढू शकते. भरपाईसाठी ग्राहक आयोगाकडे जावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली वैद्यकीय सेवेला ग्राहक कायद्याच्या कक्षेत आणलं, तेव्हापासून ही वाट खुली आहे. तिला दोन वर्षांची मुदत आहे. सगळ्यांनाच मोफत सेवा देणारी रुग्णालयं या कक्षेच्या बाहेर राहतात, पण काही रुग्णांकडून पैसे घेणाऱ्या रुग्णालयातला मोफत रुग्णही ग्राहक धरला जातो. आयोगासमोर वकील लावलाच पाहिजे असं नाही.

तिसरी वाट पोलिसांची. उपचार फसले की लगेच गुन्हा नोंदवला पाहिजे, असा संताप नातेवाइकांना होतो. त्या घडीला तो समजण्यासारखा असतो. पण २००५ सालच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की फौजदारी गुन्ह्यासाठी साधी चूक पुरत नाही, ढोबळ निष्काळजीपणा दिसावा लागतो, आणि कारवाईआधी दुसऱ्या जाणकार डॉक्टरचं मत घ्यावं लागतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये उपचारादरम्यान निष्काळजीपणामुळे झालेल्या मृत्यूसाठी नोंदणीकृत डॉक्टरला दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. रुग्ण बरा झाला नाही म्हणून डॉक्टर दोषी ठरत नाही. त्या परिस्थितीत त्याच शाखेच्या सर्वसाधारण कुशल डॉक्टरने जेवढी काळजी घेतली असती तेवढी घेतली का, हा खरा प्रश्न असतो.

परिषद, ग्राहक आयोग आणि पोलीस या तिन्ही वाटा एकमेकींना अडवत नाहीत, पण तिन्हींची सुरुवात कागदांनी होते. आणि कागदांबद्दल आणखी एक समजूत घट्ट बसली आहे: "फाईल हॉस्पिटलची असते, ती देता येत नाही." दाखल रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपून ठेवणं डॉक्टरला बंधनकारक आहे, आणि रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या नातेवाइकाने मागितल्यावर ७२ तासांत त्या द्याव्या लागतात. त्या नाकारणं हेच गैरवर्तन ठरतं. म्हणून डिस्चार्जच्या वेळी तोंडी मागत बसू नये. दोन ओळींचा अर्ज द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी. पुढे वाद झालाच तर ती पोच फार उपयोगी पडते.

इथे उल्लेख केलेली आचारसंहिता २००२ चीच आहे. २ ऑगस्ट २०२३ रोजी नवे नियम जाहीर झाले होते, पण तीन आठवड्यांतच, २३ ऑगस्टला, ते स्थगित झाले आणि जुने पुन्हा लागू झाले. जुन्या नियमांनुसार तक्रारीचा निर्णय सहा महिन्यांत लागायला हवा. प्रत्यक्षात तो रेंगाळतो, आणि तक्रारदार दमून जातो.

परिषदेचा निर्णय पटला नाही तर अपील कुठे करायचं, हा त्याहून दुखरा भाग. २०१९ च्या कायद्याचं कलम ३० डॉक्टरला राष्ट्रीय आयोगाच्या नीतिमत्ता आणि नोंदणी मंडळाकडे दाद मागण्याचा हक्क देतं. तक्रार करणाऱ्या रुग्णाचा त्या कलमात उल्लेखच नाही. ज्याच्यावर उपचार झाले त्यालाच दुसरं दार नसावं, ही उणीव साधी नाही. ती दुरुस्त करायला संसदेला कायद्यात चार शब्द वाढवावे लागतील, आणि ते वाढवण्याची मागणी रुग्णांच्या बाजूने जोरात व्हायला हवी.

"बिल जास्त लावलं, कौन्सिलला कळवतो"

परिषदेचा अधिकार व्यक्तीवर आहे, इमारतीवर नाही. खाटा असलेल्या खासगी रुग्णालयाला परवाना मिळतो तो १९४९ च्या महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियमाखाली. केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. शुश्रूषागृहांचे नियम २०२१ साली बदलले. त्यानुसार दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते. ती लावलेली नसेल तर तक्रार महानगरपालिका हद्दीत पालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे आणि जिल्ह्यात जिल्हा शल्यचिकित्सकांकडे करायची.

"बोगस डॉक्टर कौन्सिल का पकडत नाही?"

कारण ज्याचं नाव नोंदवहीतच नाही, त्याच्यावर परिषद काय कारवाई करणार? नाव काढायला आधी ते असावं लागतं. बोगस डॉक्टरवर गुन्हा नोंदवणं हे पोलीस आणि आरोग्य खात्याचं काम आहे. त्यासाठी जिल्हा आणि तालुका पातळीवर बोगस डॉक्टर शोध समित्या आहेत. खबर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना द्यावी. एखाद्याने दुसऱ्याचाच नंबर पाटीवर टाकला असेल, तर मात्र परिषदेच्या नोंदवहीत तो नंबर कुणाच्या नावावर आहे हे बघताच बिंग फुटतं.

"मेडिकलवाल्याला कसला आलाय परवाना, दुकानच तर आहे"

औषधाच्या दुकानाला एक नाही, दोन कायद्यांची चौकट आहे. दुकानाचा परवाना १९४० च्या औषधे आणि सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली अन्न व औषध प्रशासन देतं. १९४८ चा फार्मसी कायदा सांगतो, की डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध फक्त नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं. त्यांची नोंद राज्याच्या फार्मसी कौन्सिलकडे असते. काही दुकानांत फार्मासिस्टचं प्रमाणपत्र भिंतीवर टांगलेलं असतं आणि काउंटरवर शाळा सोडलेला मुलगा औषधं काढून देतो. नावं सारखी दिसणारी दोन औषधं तिथे बदलू शकतात, आणि त्याचे परिणाम घरी गेल्यावर दिसतात. अशा दुकानाची तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयाकडे करता येते, आणि स्वतःचं प्रमाणपत्र भाड्याने देणाऱ्या फार्मासिस्टची तक्रार फार्मसी कौन्सिलकडे.